नखांवरचं जेल पाचव्या दिवशी सुटतंय? आधी कुठून सुटलं ते बघा

गेल्या जुलैतली गोष्ट. बाहेर पावसाची झड लागलेली आणि दुपारी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. खाली एवढंच लिहिलेलं, "ताई, परत अंगठाच." शनिवारी केलेली नखं, गुरुवारी उजव्या अंगठ्याचं जेल एका बाजूने उचललेलं. बाकी नऊ नखं जशीच्या तशी. या ताईंचं मेडिकलचं दुकान आहे. दिवसभर गोळ्यांच्या स्ट्रिप कापायच्या, खोकी उघडायची. म्हणून पहिल्या वेळी मी त्यांच्या कामाला दोष दिला आणि प्रायमरचा (जेल धरावं म्हणून आधी लावतात तो द्रव) आणखी एक हात मारला. दुसऱ्या वेळी नख जरा जास्तच घासलं. तिसऱ्या वेळी मात्र नवीन काही लावायच्या आधी ग्लोव्ह्ज घातले, सुटलेला तुकडा चिमट्याने अलगद काढला आणि दिव्याखाली उलटा धरून भिंगातून बघितला.

तुकड्याची खालची बाजू बहुतेक कोरडी होती, मंद, खडूसारखी. एका कडेला मात्र ओलसर चकाकी होती. तिथे टूथपिक टेकवली तर बारीक चिकट तार आली. ती कड म्हणजे जेल कडक करायच्या लॅम्पमध्ये हात पालथा ठेवल्यावर अंगठ्याची जी बाजू लॅम्पच्या तळाकडे झुकते, तीच. तिथपर्यंत उजेड पुरेसा पोचलाच नव्हता. पाच दिवस कच्चं जेल नखावर बसून होतं आणि त्याची कड कातडीला टेकलेली होती. जेल सुटलं याचं मला तेव्हा फारसं वाटलं नाही. कच्चं जेल पाच दिवस त्यांच्या कातडीला लागून होतं, याची मात्र भीती वाटली.

डोंबिवलीत माझा छोटासा स्टुडिओ आहे, आणि नवीन मुलींकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच असतो: जेल का उचललं जातं? त्याला आपल्याकडे मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. तिचे हात तेलकट आहेत, तिला घाम येतो, ती भांडी घासते, पावसाळाच आहे. यातलं काही कधीकधी खरंही असतं. पण माझा अनुभव असा, की क्लायंटच्या हातांवर खापर फोडलं की तपास तिथेच थांबतो. जेल नखाच्या कुठल्या भागातून सुटलं, त्यावरून कारण बहुतेक वेळा कळतं. म्हणून फोटो आला की मी आधी विचारते, "कुठल्या बोटाचं आणि कुठल्या बाजूने?"

क्युटिकलच्या (नखाच्या मुळाकडच्या कातडीच्या) बाजूने सुटत असेल तर

याची दोन कारणं मला सतत दिसतात. एक म्हणजे नखाला चिकटून पुढे आलेली मेलेली कातडी नीट निघालेली नसते. ती इतकी पातळ आणि पारदर्शक असते, की नख ओलं असताना दिसतही नाही. डिहायड्रेटर (नखातली ओल आणि तेल काढणारा द्रव) लावून नख कोरडं झालं की पांढुरक्या पापुद्र्यासारखी उठून दिसते. तेव्हा पुशर (कातडी मागे सारायची पट्टी) आडवा धरून हलक्या हाताने खरवडा, मग ड्रिलच्या बारीक बिटने किंवा १८० ग्रिटच्या (आकडा जितका लहान तितकी फाइल खरखरीत) फाइलच्या कोपऱ्याने साफ करा. बेस कोट (जेलचा सगळ्यात खालचा थर) या पापुद्र्यावर बसला तर तो नखाला चिकटलेलाच नसतो, त्या कातडीला चिकटलेला असतो. कातडी चार दिवसांत सुकून उठते आणि जेलला घेऊन वर येते. मात्र त्यामागची जी जिवंत घडी असते, तिला निपर (कातडी कापायची छोटी पकड) लावू नका. ती कापली की नखाच्या मुळाशी जाणारी वाट उघडी पडते आणि जंतूंना आत शिरायला जागा मिळते.

दुसरं कारण, जेल कातडीवर सांडणं. ब्रश क्युटिकलला टेकवून मागे ढकलायची सवय असते, त्यात जेल घडीत शिरतं. तसंच क्युअर केलं (लॅम्पखाली कडक केलं) की ते कातडी आणि नख यांना जोडणारा पूल होतो. कातडी हलते, ताणली जाते, आणि पुलाखालून जेल उचललं जातं. बेस, रंग आणि टॉप, प्रत्येक थराला क्युटिकलपासून केसाएवढी फट सोडायची. सांडलंच तर क्युअर करण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बारीक ब्रशने पुसायचं. "लॅम्पमधून काढल्यावर खरवडून टाकू" असं म्हणणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. तोपर्यंत ते कातडीला लागून एक मिनिट झालेलं असतं.

टोकाकडून सुटत असेल तर

टोक नीट सील झालेलं नसतं, किंवा झालेलं असतं आणि क्लायंटने घरी नेलकटर लावलेला असतो. हे विचाराच. "वाढली होती म्हणून जराशी कापली" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. कापलेल्या टोकातून पाणी आणि साबण थेट जेल आणि नखाच्या मध्ये जातात. लांबी कमी करायची असेल तर माझ्याकडे या, दोन मिनिटांत फाइल करून परत सील करून देते, पैसे घेत नाही, असं मी प्रत्येकीला सांगून ठेवते.

नख कागदासारखं पातळ आणि वाकणारं असेल तर मात्र सील करून भागत नाही. नख वाकतं, वरचा कडक थर वाकत नाही. अशा नखांना लवचीक रबर बेस द्या आणि लांबी कमी ठेवा. लांब टोकावर प्रत्येक धक्का तरफेसारखा काम करतो आणि सगळा जोर नखाच्या मधोमध येतो.

पूर्ण जेल एकसंध टोपीसारखं निघत असेल तर

इथे मी थेट विचारेन: जेलच्या आधी मॅनिक्युअर केलं होतं का? पार्लरमध्ये कोमट साबणाच्या पाण्यात हात पंधरा मिनिटं बुडवून, स्क्रब, मसाज, क्रीम आणि लगेच जेल पॉलिश असं पॅकेज सर्रास दिलं जातं. नख पाणी शोषतं. शोषलं की ते किंचित फुगतं आणि सपाट होतं. त्या फुगलेल्या नखावर तुम्ही जेल कडक करता. रात्रभरात नख सुकून मूळ आकारात येतं, जेल मात्र तसंच राहतं. शिवाय क्रीमचा तेलकटपणा एका वाइपने जात नाही. जेल करायचं असेल तर मॅनिक्युअर कोरडंच करा, आणि तेल, क्रीम, मसाज सगळं टॉप कोट क्युअर झाल्यावर. पावसाळ्यात मी क्लायंटला आल्या आल्या टेबलावर घेत नाही. ट्रेनमधून भिजून आलेली असते. दहा मिनिटं पंख्याखाली बसवते, चहा देते, हात कोरडे होऊ देते. डिहायड्रेटर लावल्यावर क्लायंटने केसातून हात फिरवला किंवा मोबाइल उचलला तर तेवढी बोटं परत पुसते.

इथे प्रायमरबद्दल बोलायलाच हवं, कारण सुटणाऱ्या जेलवर सगळ्यांचा पहिला उपाय तोच असतो. प्रायमर ओल्या किंवा मळकट नखावर काहीही करू शकत नाही. ॲसिड असलेला प्रायमर तर कातडी भाजू शकतो. ठिपक्याएवढा पुरे. नखावर तो वाहत असेल तर जास्त झाला. आणि नैसर्गिक नखावर १०० ग्रिटची फाइल कधीही नको. आपल्याला फक्त चमक घालवायची असते, १८० किंवा २४० ग्रिट हलक्या हाताने एकदा फिरवली की काम झालं. नखाची जाडी साधारण अर्धा मिलीमीटर असते. प्रत्येक वेळी त्यातली थोडी थोडी घासून घालवली तर तीन-चार भेटींत नख इतकं पातळ होतं, की जेल सुटायचं प्रमाण वाढतं आणि लॅम्पमध्ये हात घातला की क्लायंट "आई गं" करून हात मागे ओढते. मी त्या मेडिकलवाल्या ताईंच्या बाबतीत दुसऱ्या वेळी नेमकी हीच चूक केली होती.

एकच बोट, विशेषतः अंगठा, सुटत असेल तर

लॅम्पकडे वळा. या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण क्लासमध्ये यावर सगळ्यात कमी शिकवतात. मी जिथे शिकले तिथे लॅम्पबद्दल एकच वाक्य सांगितलं होतं, "साठ सेकंद."

बाटलीतलं जेल म्हणजे ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट जातीच्या छोट्या रेणूंचं घट्टसर द्रव. त्यात फोटोइनिशिएटर नावाचा घटक असतो. त्याच्यावर ठरावीक उजेड पडला की तो रेणूंना एकमेकांत गुंफायला लावतो आणि लांब साखळ्या तयार होतात. बहुतेक एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड देतात. तो कमी पडला तर वरचा थर कडक लागतो, बोटाने दाबलं तरी कळत नाही, आणि खाली नखालगत गुंफण अर्धवट राहते. जिथे पकड सगळ्यात घट्ट हवी, नेमकं तिथेच जेल कच्चं असतं.

खोक्यावरचे वॅट बघून लॅम्पची ताकद ठरवू नका. वॅट म्हणजे वीज किती लागते. नखावर किती उजेड पडतो ते दिवे कसे बसवलेत, हात किती लांब आहे, आतला पत्रा किती चकचकीत आहे यावर अवलंबून असतं. जेल बनवणारी कंपनी ज्या लॅम्पवर ते तपासते, तोच लॅम्प किंवा तिने सांगितलेल्या मापाचा लॅम्प वापरावा हे बरोबरच आहे. पण आपल्यातल्या बहुतेकजणींच्या टेबलावर एका कंपनीचा बेस, दुसरीचा रंग आणि तिसरीकडून आलेला लॅम्प असतो. निदान बेस आणि टॉप एका कंपनीचे ठेवा आणि लॅम्पबरोबर ते नीट जमतात का ते तपासा.

माझी कच्ची तपासणी अशी. एक्स्टेन्शनच्या (नख लांबवायच्या) फॉर्मच्या चंदेरी कागदावर काळ्या जेलचा तितकाच थर द्यायचा जितका नखावर देतो, आणि लॅम्पमध्ये अंगठा येतो त्या जागी कागद ठेवून नेहमीचा वेळ क्युअर करायचा. वरचा चिकटा पुसून थर सोलून उलटा करायचा. खाली ओल दिसली तर लॅम्प, थर किंवा वेळ यातलं काहीतरी कमी पडतंय. खाली कोरडं दिसलं म्हणून शंभर टक्के पिकलं असं नाही, पण ओल दिसली तर मग शंकेला जागाच नाही. हे ग्लोव्ह्ज घालूनच करा. दुसरी खूण फाइल करताना मिळते. नीट क्युअर झालेल्या जेलचा भुगा कोरडा, हलका उडतो. कच्च्याचा भुगा फाइलला चिकटून बसतो, त्याचे गोळे होतात. टॉप कोटखाली सुरकुत्या दिसत असतील तर रंगाचा थर जाड झाला होता. काळा, पांढरा आणि गडद लाल हे रंग उजेड अडवतात. त्यांचे दोन जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ द्या.

चिकटा आणि कच्चेपणा यात मात्र गल्लत करू नका. पूर्ण क्युअर झालेल्या जेलवरही वर चिकट पदर राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन सगळ्यात वरच्या रेणूंना गुंफू देत नाही. तो पुसून टाकायचा असतो. पुसल्यावर वाइपवर रंग आला तर मात्र खालचं कच्चं आहे.

आता अंगठा. हात पालथा ठेवला की चार बोटांची नखं वर बघतात आणि अंगठ्याचं तिरकं, बाजूला बघतं. म्हणून चार बोटं आधी, मग दोन्ही अंगठे जोडून सपाट, नखं वर, स्वतंत्र. मी प्रत्येक थराला असंच करते. एका हातामागे वेळ वाढतो, हो. त्या मेडिकलवाल्या ताईंचा अंगठा त्यानंतर तीन आठवडे टिकला, रीफिलला (वाढलेल्या जागी जेल भरायला) आल्या तेव्हाही कड बसलेली होती. लॅम्प चालू असताना क्लायंट काय करते तेही बघत राहा. दुसऱ्या हाताने रील्स चालू असतात, हसताना मनगट वळतं आणि करंगळी लॅम्पच्या तोंडाशी येते. उष्णता जाणवली की हात बाहेर काढतात आणि परत घालतात, तोवर टायमर चालूच असतो. उष्णता वाढणं हा त्या क्रियेचाच भाग आहे, रेणू गुंफताना उष्णता बाहेर पडते. जाड बिल्डर जेल (नखाला जाडी देणारं) आणि पातळ नख असेल तर चटका बसेल इतकी. "थोडं सहन करा" असं सांगू नका. पातळ थर, लॅम्पचा लो हीट मोड आणि त्यासाठी सांगितलेला जास्तीचा वेळ, हा उपाय. सरसकट दुप्पट वेळ क्युअर करणं हाही उपाय नाही. जेल ठिसूळ होतं आणि कातडीवर विनाकारण किरण पडतात.

लॅम्पचं तोंड आपल्याकडे करून, डोळे न लावता, मोबाइलने एक फोटो काढा. एखादा दिवा विझलेला असेल तर फोटोत दिसतो. दिव्यांवर सांडून कडक झालेलं जेल असेल तर त्या खालच्या बोटाला कायम कमी उजेड मिळतो. प्लग काढून आठवड्यातून एकदा अल्कोहोलने आतून पुसा. जुने नळीवाले यूव्ही लॅम्प अजून वापरत असाल तर त्यांच्या नळ्या दिसायला उजळ असल्या तरी उतरतात. रोज वापर असेल तर साधारण सहा महिन्यांनी बदलाव्या लागतात.

एक नवीन गोष्ट ध्यानात ठेवा. युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ हा फोटोइनिशिएटर सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. त्यामुळे "टीपीओ-फ्री" लिहिलेल्या बाटल्या बाजारात येताहेत. चांगलंच आहे. पण इनिशिएटर बदलला की तेच नाव, तोच रंग असूनही तुमच्या लॅम्पखाली जेल वेगळं वागू शकतं. नवीन बाटली आली की चंदेरी कागदाची तपासणी परत करा.

बोटांना खाज सुटत असेल तर

हे जेल सुटण्याच्या लेखात का, तर दोन्हीचं मूळ एकच आहे. साखळीत न गुंफलेले मोकळे रेणू कातडीत शिरतात आणि शरीर एकदा त्यांच्यावर उठलं की ती ॲलर्जी जन्मभराची असते. सगळ्यात जास्त नाव येतं ते हेमा या मोनोमरचं, म्हणजे जेलमधल्या अशाच एका छोट्या रेणूचं. युरोपात हेमा असलेल्या नखांच्या उत्पादनांवर "फक्त व्यावसायिक वापरासाठी" आणि "ॲलर्जी होऊ शकते" असं छापणं सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या कातडीच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ सालचा "वर्षाचा ॲलर्जन" म्हणून ॲक्रिलेटचंच नाव घेतलं होतं. आणि "हेमा-फ्री" लिहिलं म्हणजे निर्धास्त, असं अजिबात नाही. त्यात दुसरी ॲक्रिलेट असतातच, त्यांचीही ॲलर्जी होते.

माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण. हात इतका साफ, की तिच्या फ्रेंचच्या रेषा बघून मी माझं काम सुधारलं. ती ब्रशचं टोक डाव्या हाताच्या बोटांवर पुसून आकार द्यायची. दीड वर्षाने त्या बोटांची टोकं कोरडी पडली, मग भेगा पडल्या. तिला वाटलं ॲसिटोनमुळे असेल. मग एक दिवस पापण्या सुजल्या. पापण्यांना तर जेल लागलंच नव्हतं, पण बोटं लागली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट (कातडीवर चिकटवून करतात ती ॲलर्जीची चाचणी) केली, हेमा पॉझिटिव्ह. तिने जेल सोडलं, आता थ्रेडिंग आणि फेशियल करते. यातला पुढचा भाग फारशा कोणाला माहीत नसतो: दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधे बदलताना वापरतात त्या बोन सिमेंटमध्ये याच कुळातले पदार्थ असतात. म्हणून तिला दाताच्या डॉक्टरांना आधी सांगावं लागतं.

त्यामुळे क्लायंट म्हणाली, "ताई, दोन दिवस नखांभोवती खाजतंय," तर ते मोकळ्या मनाने ऐका. नखांभोवती लाली, बारीक फोड, बोटांच्या टोकांना भेगा, नख मांसापासून सुटणं, यातलं काही दिसलं तर जेल काढा, नवीन लावू नका, दुसरा ब्रँड "ट्राय" करू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि कुठलं जेल वापरलं त्याचं लेबल फोटो काढून बरोबर द्या. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. एक अपॉइंटमेंट गेली तर जाऊ द्या.

स्वतःसाठी: लेटेक्सचे ग्लोव्ह्ज जेलपासून वाचवत नाहीत. नायट्राइल वापरा, पण तेही चिलखत नव्हे. पातळ नायट्राइलमधून ॲक्रिलेट काही मिनिटांत आरपार जातं. जेल लागलं की लगेच बदला, नाही लागलं तरी अर्ध्या तासाने बदला. बाटलीची मान, ब्रशची दांडी, लॅम्पचं बटण, टेबलाची कड आणि तुमचा मोबाइल, यांवर वाळलेलं जेल शोधा. माझ्या टेबलाखालच्या ड्रॉवरच्या मुठीवर मला चिकट थर सापडला होता, आणि ती मूठ मी दिवसातून वीस वेळा धरत होते. फाइलचा भुगाही कातडीवर बसू देऊ नका. पूर्ण बाह्या, मास्क, आणि शक्य असेल तर टेबलावर भुगा ओढणारा पंखा.

मालाच्या बाबतीत एकच आग्रह. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे आयात मालाच्या लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक लागतो. घाऊक बाजारातली बिनलेबलची, सुटी भरलेली जेल घेऊ नका. आत काय आहे हे डॉक्टरांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

काढताना झालेलं नुकसान

पुढच्या सेटचं टिकणं बऱ्याचदा मागच्या सेटच्या काढण्यावर ठरतं. क्लायंटने कंटाळून सोलून काढलं असेल तर नखाचे वरचे पदर जेलबरोबर निघून येतात, पांढरे खडबडीत चट्टे दिसतात. त्या चट्ट्यांवर जेल धरत नाही. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवीन नख यायला सहाएक महिने लागतात. तोवर लांबी कमी आणि रबर बेस.

टॉप कोट फाइलने फोडा, आजूबाजूला तेल लावा, ॲसिटोनचा कापूस आणि फॉइल, दहा ते पंधरा मिनिटं. नाही निघालं तर परत गुंडाळा. पुशरने जोर लावू नका. ॲसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून टेबलाजवळ उदबत्ती किंवा समई नको. घरातच काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे खास बघा, देवघर आणि टेबल एकाच खोलीत असतं.

सुटलेल्या जेलखाली हिरवट डाग

हा बहुतेक वेळा फंगस नसतो. सुटलेल्या फटीत पाणी साचतं आणि स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात, हिरवा रंग त्यांचा. म्हणून सुटलेली कड नेल ग्लूने चिकटवून देणं सगळ्यात वाईट, ओल आत कोंडली जाते. रीफिलच्या वेळी सुटलेला भाग पूर्ण घासून काढायचा, मग भरायचा. हिरवं दिसलं तर जेल काढा, वरून गडद रंग लावून झाकू नका, डॉक्टरांना दाखवायला सांगा. मधुमेह असेल तर त्याच दिवशी. त्या नखाला लागलेली फाइल आणि बफर फेकून द्या. लोखंडी हत्यारं आधी साबणाने ब्रशने धुवा, मगच निर्जंतुक करा. निळ्या उजेडाची जी यूव्ही पेटी स्टरिलायझर म्हणून विकली जाते, तिने हत्यारं निर्जंतुक होत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) लागतो.

हळद आणि मेंदी

तुळशीचं लग्न झालं की हे फोन सुरू होतात. हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या आणि न्यूड रंगांवर बसतो, मॅट टॉपवर जास्त, कारण तो पृष्ठभाग खडबडीत असतो. नवरीला चकचकीत टॉपच सुचवा. हळदीच्या आधी नखांवर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, नंतर लगेच साबणाने धुवा. राहिलेला डाग अल्कोहोलने पुसा, आणि घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात उतरतो. एकदोन दिवसांत फिका पडतो. मेंदीचं तसं नाही, तो उतरत नाही. नखं मेंदीच्या आदल्या दिवशी करा. मेंदीनंतर केली तर तयारीतला भुगा, अल्कोहोल आणि ॲसिटोन बोटांची मेंदी फिकी करतात, शिवाय निलगिरीचं तेल लावलेल्या बोटांवर बेस धरत नाही. आणि मेंदी काढणाऱ्या ताईंना आधीच फोन करून सांगा, कोन नखाला टेकवू नका, चुकून लागलीच तर वाळायच्या आत पुसून घ्या.